लाखोडी मादी, तूर नर

“नर-मादी मोजून कायले पायजे वो तुले? कोंबड्या आहेत का त्या?”

काकाजींनी हे विचारलं तेव्हा मी त्यांच्या टेबलावर काचांचा डबा ठेवून नुकतीच बसले होते. काकाजी म्हणजे धानोरा तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रातले प्रयोगशाळा तंत्रज्ञ. निवृत्तीला दीड वर्ष राहिलेलं आणि तीस वर्षं मलेरियाच्या काचा, म्हणजे रक्त पसरलेल्या काचपट्ट्या, पाहण्यात गेलेली. मी गडचिरोलीत एमएस्सी प्राणिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला. प्रकल्पाचा विषय मीच मागून घेतला होता: फॅल्सिपेरम जातीच्या मलेरियाच्या रुग्णाच्या रक्तात परजीवीचे नर किती आणि माद्या किती. वैद्यकीय अधिकाऱ्यांची परवानगी, विभागाचं पत्र, काचेवर नाव नको फक्त नंबर, या सगळ्यात दोन महिने गेले. ते सांगत बसत नाही. ज्यांनी केलंय त्यांना माहीत आहे.

प्रश्न मात्र रास्त होता. फॅल्सिपेरमची काच सापडली की रजिस्टरमध्ये तीनपैकी एक नोंद पडते: पीएफ आर, पीएफ जी, नाहीतर पीएफ आरजी. पीएफ म्हणजे फॅल्सिपेरम. आर म्हणजे रिंग, तांबड्या पेशीत अंगठीसारखी दिसणारी कोवळी अवस्था. हिची पिलावळ पेशी फोडून बाहेर पडते तेव्हा ताप भरतो. जी म्हणजे गॅमेटोसाइट, केळ्याच्या आकाराची लैंगिक अवस्था. हिच्यामुळे ताप येत नाही. ती रक्तात फिरत डासाची वाट पाहत बसते. त्या एका ‘जी’मध्ये नर आणि मादी दोन्ही आले. औषध दोघांना एकच, त्यामुळे रजिस्टरला वेगळा रकाना लागत नाही आणि काकाजींना तीस वर्षांत कुणी विचारलंही नव्हतं.

कोंबड्यांचा विषय त्यांनीच काढला होता, म्हणून मी तिथूनच सुरुवात केली. “काकाजी, तुमच्या घरी कोंबड्या किती?”

“अकरा.”

“आणि कोंबडे?”

“एक. दुसरा होता, पोळ्याच्या करीले कापला.”

मलेरियाचंही तसंच आहे. डासाच्या पोटात गेल्यावर एका नर गॅमेटोसाइटमधून आठपर्यंत शुक्रतंतू निघतात, मादीतून बीज मात्र एकच. मग माद्यांइतकेच नर ठेवणं म्हणजे नुसती नासाडी. रक्तातले सगळे परजीवी एकाच वाणाचे असतील तर डासाच्या पोटात भावा-बहिणींचाच संकर होणार, आणि तिथे जास्तीचे नर एकमेकांच्याच वाटणीवर टपणार. अशा वेळी माद्यांना पुरतील एवढेच नर काढणाऱ्या वाणाचं फावतं. हा हिशेब डब्ल्यू. डी. हॅमिल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १९६७ मध्ये मांडला. त्याच्यापुढे होते बारीक कीटक; मलेरियाला तो पुढे इतरांनी लावून पाहिला. रक्तात दोन वाण समसमान असतील तर नरांचा हिस्सा पाव असावा, वाण वाढत गेले तर तो निम्म्याकडे सरकावा, असं ते सूत्र सांगतं.

काकाजींनी चष्मा पुसला. “म्हंजे बाहेरचा कोंबडा अंगनात येत असन, तर घरचे कोंबडे वाढवा लागते.”

मला हे समजायला एक अख्खं सत्र लागलं होतं.

उंदरांच्या मलेरियात हे प्रयोगाने पाहिलेलंही आहे. सारा रीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखवलं की सोबत परका वाण असला की परजीवी नरांचं प्रमाण वाढवतो. आता गंमत अशी की या परजीवीकडे आपल्यासारखी लिंग ठरवणारी गुणसूत्रं नाहीत. माणसाच्या रक्तात तो एकपट गुणसूत्रांचाच असतो आणि एकाच वाणातून नरही निघतात, मादीही. निर्णय एक पिढी आधीच होतो. लैंगिक मार्गाला लागलेली एक पेशी फुटली की तिची सगळी पिल्लं एकतर नर होतात, नाहीतर सगळी मादी. ही पोरं मग अस्थिमज्जेत दडून वाढतात आणि दहा-बारा दिवसांनी केळ्याचा आकार घेऊन बाहेरच्या रक्तात येतात. त्यामुळे ताप आल्याच्या दुसऱ्या दिवशी आलेल्या माणसाच्या काचेवर मला बहुतेक काहीच मिळायचं नाही. मिळायचं ते उशिरा आलेल्यांकडे. प्रकल्पासाठी चांगली काच म्हणजे कुणाच्या तरी घरी दोन आठवडे काढलेला ताप, हे पहिल्या आठवड्यातच लक्षात आलं, आणि नंतर काच ‘मस्त’ निघाली असं म्हणायची जीभ होईना.

आता मोजणी. पुस्तकातलं चित्र सोपं असतं. मादी सडपातळ, टोकं निमुळती, पेशीद्रव गडद निळा, केंद्रक आटोपशीर, आणि मधोमध काळपट रंगद्रव्याचे कण गोळा झालेले. नर जरा आखूड आणि जाडसर, टोकं बोथट, पेशीद्रव फिकट गुलाबी-जांभळा, केंद्रक पसरट, कण विखुरलेले. एवढं पाठ करून मी आले होते. काचेवर रक्ताचा जाड थेंब तसाच सुकवला तर यातलं काहीही दिसत नाही. तिथे पेशी सुकताना आकार बिघडतो आणि सगळी केळी सारखी वाटतात. म्हणून रक्त पसरून केलेला पातळ थरच घ्यायचा. पण पातळ थरात रक्त थोडं, म्हणजे गॅमेटोसाइटही थोडे. तेलाच्या भिंगाखाली नांगरटीसारखं खाली-वर, खाली-वर जायचं. वीस-वीस क्षेत्रं सरकली तरी काही नाही, आणि एकदम शेजारी-शेजारी दोन.

डोळे भिंगावरून काढले की जागा हरवते आणि वहीत रेघ ओढायला तर डोळे काढावेच लागतात. काकाजींनी यावर तोडगा काढला. शिपाई मावशींकडून तीन वाट्या आणल्या आणि त्यांच्याच डब्यातून लाखोडी, तूर नि जवस. “लाखोडी मादी, तूर नर. हातानं चाचपून टाकत जाय. डोये नको काढू.” लाखोडीचा दाणा चपटा, कोनेदार, तूर गोल, जवस गुळगुळीत. बोटांना दोन दिवसांत सवय झाली. जवस कशासाठी, तर ज्याचं काही सांगता येत नाही त्यासाठी. मी म्हटलं, मला जवस लागणार नाही. काकाजी काही बोलले नाहीत, वाटी तिथेच ठेवली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी एका काचेवर लाखोडीचे ५३ दाणे झाले आणि तुरीचा एकही नाही.

आनंदच झाला खरं तर. मनात प्रबंधाचा मथळासुद्धा तयार झाला. मग दुसरी काच: ३८ लाखोडी, २ तूर. तिसरीही तशीच. फॅल्सिपेरममध्ये साधारण तीन ते पाच माद्यांमागे एक नर दिसतो हे मी वाचलेलं होतं. माझ्या काचांवर नर जणू गाव सोडून गेले होते. रात्री सरांना फोन केला. त्यांनी निकालाबद्दल काहीच विचारलं नाही. “जिम्सा कोणत्या पाण्यात केलास?” एवढंच म्हणाले.

हातपंपाच्या.

झालं होतं असं, की डिस्टिल्ड पाण्याचा डबा संपला होता, गाडी गडचिरोलीहून आठवड्याने येणार होती आणि मला घाई होती. परजीवी दिसावेत म्हणून काच रंगवावी लागते. रोजच्या काचांना काकाजी जेएसबी नावाचा रंग वापरतात. माझ्या काचांना मी जिम्सा हा रंग वापरत होते, तीन टक्के, पाऊण तास. बफरची गोळी घातली म्हणजे काम झालं असं धरून चालले. जिम्साला ७.२ पीएच लागतो. काकाजींनी कपाटातून पीएच कागद काढून माझ्या उरलेल्या पाण्यात बुडवला तर रंग आठच्या पुढे गेला. या पाण्याने चहाच्या भांड्याला पांढरी खपली धरते, हे मी रोज बघत होते. पाणी अल्कधर्मी झालं की रंग निळ्याकडे झुकतो आणि नराचा गुलाबी पेशीद्रवही निळसर दिसायला लागतो. म्हणजे माझ्या नरांना माद्या हातपंपाने केलं होतं, आणि मी त्यावर मथळा बांधत होते.

दुसऱ्या दिवशी धानोऱ्याला जाऊन बॅटरीच्या दुकानातून डिस्टिल्ड पाण्याचा कॅन आणला. दुकानदाराने विचारलं, कोणती गाडी आहे? नशिबाने काकाजींच्या सांगण्यावरून प्रत्येक रुग्णाच्या एकाच टोचणीतून मी दोन काचा करत होते आणि दुसरी न रंगवता, नुसती मिथेनॉलमध्ये पक्की करून ठेवत होते. ती ५३ वाली काच तिच्या जोडीदारावरून पुन्हा केली. पाणी कागदाने तपासलं, रंग ताजा कालवला, घड्याळ लावलं. भिंगाखाली पहिलाच दिसला तो आखूड, फिकट गुलाबी, पोटात कण विखुरलेले. इतका पुस्तकातल्यासारखा की मी काकाजींना हाक मारली.

“हा आहे मरद,” ते म्हणाले.

त्या काचेवर ६० मोजले. लाखोडी ४४, तूर ११, जवस ५. हो, जवस लागली. काही आडवे पडलेले, काही पेशींच्या घोळक्यात अर्धे दडलेले, आणि दोन असे की रंग मादीचा, अंग नराचं. आता या पाचांचं काय करायचं? सोडून दिले तर चारास एक. पाचही नर धरले तर पावणेतीनास एक, पाचही माद्या धरल्या तर साडेचाराच्या जवळ. प्रबंधात ज्या फरकावर पानंच्या पानं खर्ची पडतात तो फरक माझ्या तिसऱ्या वाटीत होता. मी तोपर्यंत वाचलेल्या कुठल्याच तक्त्यात ही वाटी मला भेटली नव्हती. आता वाचताना आधी तीच शोधते.

काकाजींनी मग आणखी एक केलं. काचांच्या नंबरावर चिकटपट्टी लावली, काचा पत्त्यांसारख्या पिसल्या आणि मला पुन्हा मोजायला बसवलं. त्याच काचेवर मी या वेळी तुरीचे १४ दाणे टाकले. वैताग आला. पण मी किती चुकते हे कळल्याशिवाय परजीवी काय करतो हे कसं कळणार? त्यानंतर प्रत्येक काच दोनदा मोजली, आणि दर पाचवी काच काकाजींनीही मोजली. ते माझ्यापेक्षा जास्त जवस टाकायचे. आता पीसीआरने हे काम नेटकं होतं. मादीत चालू असलेलं पीएफएस-२५ जनुक आणि नराचं पीएफमगेट यांच्या आरएनएवरून हिशेब लागतो. पण ते यंत्र धानोऱ्यात नाही, आणि असतं तरी लोडशेडिंगमध्ये चाललं नसतं. आमचा सूक्ष्मदर्शक आरशावर, खिडकीतल्या उन्हावर चालायचा.

आणखी एक फजिती थोडक्यात. शेजारच्या एका केंद्रातून ईडीटीएच्या, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाच्या, नळीत रक्त आलं, मोटारसायकलवरून, दोन तासांनी. त्याच्या काचेवर नर जवळजवळ नाहीत, आणि पेशींच्या मधे जांभळे धागे. काकाजी आधी म्हणाले, कचरा आहे. नंतर दोघांच्याही डोक्यात एकदमच प्रकाश पडला. रक्त शरीराबाहेर आलं, थंड झालं, त्यातला कार्बन डायऑक्साइड उडाला, तेव्हा नरांना वाटलं आपण डासाच्या पोटात पोहोचलो. त्यांनी नळीतच शुक्रतंतू सोडले आणि संपले. माद्या तेवढ्या उरल्या. ती काच बाद. तेव्हापासून बोटावरच्या ताज्या थेंबाशिवाय काहीही घ्यायचं नाही असं ठरलं.

हे धागे जिवंत बघायची इच्छा मात्र तिथून धरली.

संधी ऑक्टोबरच्या शेवटी आली. धान निसवलं होतं आणि लोक रात्री जागलीला बांधीवर झोपत होते. एक माडिया तरुण आशाताईंबरोबर आला. ताप येऊन बारा-तेरा दिवस झालेले. आधी पुजाऱ्याकडे गेला, मग जागल सोडता येईना. आता ताप उतरलेला, पण पापणी ओढून पाहिली तर पांढरी फटक. त्याची काच म्हणजे केळीचा घडच. डॉक्टरांनी आशाताईंमार्फत माडियात त्याला विचारलं: या मुलीला एक थेंब जास्तीचा हवा, चालेल का? तो माझ्याकडे बघून हसला आणि बोट पुढे केलं. एकाच टोचणीतून थेंब घेतला आणि त्याने गोळ्याही तिथेच, लगेच घेतल्या. माझ्या काचेपायी औषधाला एक मिनिट उशीर केला नाही हे मुद्दाम लिहितेय.

थेंबावर झाकणकाच, कडेला व्हॅसलीन, चाळीसचं भिंग. रंग नाही काही नाही. फिकट पिवळसर तांबड्या पेशींच्या गर्दीत केळी नुसती पडलेली. पाच मिनिटं काही झालं नाही. मग केळी फुगून गोल व्हायला लागली, नरही, माद्याही. दहा मिनिटं झाली. काकाजी मागून म्हणाले, “राहू दे, निजले.” आणि अकराव्या-बाराव्या मिनिटाला एका गोळ्याच्या आतले काळे कण उकळत्या आधणासारखे नाचायला लागले. मग एकदम कडेने चाबूक निघाला. एक, मग दुसरा, मग किती ते मोजताच येईनात. आजूबाजूच्या तांबड्या पेशी धक्क्याने हलत होत्या, जत्रेत कुणी कोपराने वाट काढावी तशा. एवढ्या दहा-बारा मिनिटांत तो नर आपली गुणसूत्रं तीनदा दुप्पट करतो, म्हणून आठ. वाचलेलं होतं. पण समोर होताना श्वास धरावा लागतो.

१८८० च्या नोव्हेंबरात अल्जीरियातल्या कॉन्स्टंटाइन इथे लाव्हेरान या फ्रेंच लष्करी डॉक्टरने एका सैनिकाच्या रक्तात हेच पाहिलं, आणि ही वळवळ पाहूनच त्याची खात्री पटली की रक्तातले हे काळे कण म्हणजे कचरा नव्हे, सजीव आहे. तो नर आहे हे त्याला माहीत नव्हतं. ते कळायला १८९७ उजाडलं. मॅकॅलम नावाच्या अमेरिकेतल्या तरुण विद्यार्थ्याने कावळ्याच्या रक्तातल्या मलेरियाच्या चुलत परजीवीत असा धागा दुसऱ्या गोल पेशीत शिरताना पाहिला. त्याच वर्षी २० ऑगस्टला रोनाल्ड रॉसला सिकंदराबादेत डासाच्या पोटात परजीवी सापडला. रॉसचं नाव आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. कावळेवाल्याचं कुणी घेत नाही.

त्या तरुणाला बघायचं होतं. स्टूल दिलं. एक डोळा मिटायला त्याला जमेना, तर आशाताईंनी हाताने झाकला. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग माडियात काहीतरी म्हणाला आणि आशाताई हसल्या.

“काय म्हणतो?”

“म्हनते, जायात मासोळी अडकली.”

जाताना डॉक्टरांनी त्याला उद्याच्या प्रायमाक्विनच्या गोळ्यांबद्दल पुन्हा बजावलं. आज दिलेलं औषध ताप आणणाऱ्या अवस्था मारतं. पिकलेली केळी त्याने जात नाहीत, ती आठवडे राहू शकतात. त्यांच्यासाठी दुसऱ्या दिवशी प्रायमाक्विनचा एकच डोस, मोठ्या माणसाला ४५ मिलिग्रॅम. बरा वाटणारा माणूस हा डोस हमखास चुकवतो आणि बांधीवर झोपायला जातो, तिथे डास असतातच. आशाताईंनी ‘घेईल’ म्हणून मान डोलावली, पण दुसऱ्या दिवशी त्या स्वतःच त्याच्या गावी गेल्या.

त्याच्या काचेवर नरांचा हिस्सा माझ्या इतर काचांपेक्षा जास्त निघाला. कारण काय? रक्तात दोन वाण असतील. किंवा त्याचा पंडुरोग: कोंबड्यांच्या नि उंदरांच्या मलेरियात यजमानाचं रक्त कमी झालं की परजीवी नरांकडे झुकतो असं २००० मध्ये दाखवलं गेलंय. रक्तच पातळ झालं तर डासाच्या एका घोटात मादी आली नि नर आला नाही असं व्हायचं, त्यापेक्षा दोन नर जास्तीचे बरे. आमच्या भागात पंडुरोग आणि सिकलसेल दोन्ही घरोघरी, त्यामुळे हा धागा मला फार ओढत होता. पण एका काचेवरून काय बोलणार? सरांनी ते वाक्य खोडलं. मी पुन्हा लिहिलं. त्यांनी पुन्हा खोडलं.

सातव्या दिवशी आशाताईंनी त्याची फेरतपासणीची काच आणली. रिंग एकही नाही. प्रायमाक्विननंतर काही दिवस गॅमेटोसाइट काचेवर दिसत राहतात, डासाला लागण करायची त्यांची ताकद मात्र आधीच गेलेली असते, त्यामुळे काळजी नव्हती. काकाजींनी रजिस्टरमध्ये पीएफ जी लिहिलं आणि काच माझ्याकडे सरकवली. शंभर क्षेत्रं पाहिली, मग आणखी शंभर. दोन मिळाले. एक मादी, लांबलचक, निळी, शंकाच नाही. लाखोडी टाकली. दुसरा आखूड होता, पण रंग ना धड निळा ना गुलाबी, टोक एका पांढऱ्या पेशीखाली दबलेलं. काकाजींनी पाहिला.

“मरद,” ते म्हणाले. मग पुन्हा वाकून पाहिलं. “असन.”

मी जवस टाकली.